थाप पडायच्या आधी

'सनबर्न' हा नृत्यसंगीताचा महोत्सव २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला. पुढे तो वागातोरला गेला, २०१६ ते २०१८ अशी तीन वर्षं पुण्याच्या आसपास भरला, पुन्हा वागातोरला परतला, २०२४ मध्ये पेडणे तालुक्यातल्या धारगळला पोचला आणि २०२५ च्या डिसेंबरात थेट मुंबईत, शिवडीला उतरला. या सगळ्या येरझाऱ्यांत रत्नागिरी कायम मधेच राहिली. महोत्सव उत्तरेला गेला, दक्षिणेला गेला, घाटापलीकडे गेला. रत्नागिरीत काही थांबला नाही.

थांबला नाही म्हणून इथल्या पोरांचं अडलं असंही नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हापासून रत्नागिरीकराला दोन्ही टोकं सारखीच हाताशी आली आहेत. इकडे थिवी, पेडणे. तिकडे पनवेल, ठाणे, दादर. महोत्सव गोव्यात असो की मुंबईत, सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत तिथे. अडचण एकच, नाताळच्या सुट्टीतलं आरक्षण. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि वर्षअखेरीच्या गाड्या उघडताक्षणी वेटिंगवर जातात. कोण वाजवणार हे पुरतं जाहीर व्हायच्या आधीच जाण्याचं तिकीट काढून ठेवावं लागतं. नृत्यसंगीताच्या चाहत्याची श्रद्धा तपासायची तर ती इथे तपासावी.

कलाकारांची यादीही एकदम येत नाही. ती टप्प्याटप्प्याने सोडतात. पहिल्या पोस्टरवर एखादंच मोठं नाव, पुढच्यावर आणखी काही, शेवटच्यावर दिवसनिहाय वेळापत्रक. तिकिटांचे दरही त्याच चालीने चढत जातात. लवकर घेणाऱ्याला स्वस्त, रेंगाळणाऱ्याला महाग. पोस्टर वाचायची एक रीत आहे. वरच्या ओळीत ठळक छापलेला डीजे रात्री शेवटी मुख्य मंचावर येतो. खाली जावं तसतसा टाइप बारीक होत जातो, आणि तळाची नावं दुपारच्या उन्हात, अर्ध्या रिकाम्या मैदानासमोर वाजवतात. कुणाचं नाव कोणत्या ओळीत आणि किती मोठं, यावर बड्या कलाकारांचे प्रतिनिधी आयोजकांशी कसून घासाघीस करतात. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत नावांच्या क्रमावरून होणारे रुसवेफुगवे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता मूळ प्रश्न. हा डीजे नेमकं करतो काय?

कोकणात 'डीजे सांगितलाय' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो टेम्पो किंवा ट्रक, त्यावर रचलेली स्पीकरची भिंत आणि मागे धुरळा उडवत जाणारा जनरेटर. महोत्सवातला डीजे हा माणूस असतो आणि त्याच्यासमोर फार सामान नसतं. गाणी वाजवणारी दोन किंवा चार यंत्रं, मधे मिक्सर, कानाला हेडफोन. पूर्वी या यंत्रांच्या जागी तबकड्या फिरायच्या. १९७२ मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने आणलेला 'टेक्निक्स एसएल-१२००' हा टर्नटेबल कित्येक वर्षं डीजेंचं लाडकं वाद्य होता. आता खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये हजारो गाणी बसतात.

एक गाणं लोकांना ऐकू येत असतं, तेव्हा डीजे हेडफोनमधून दुसरं ऐकत असतो. दोन्हींचा वेग जुळवायचा, एकाचा ठोका बरोबर दुसऱ्याच्या ठोक्यावर बसवायचा, पहिल्याचा खर्ज हळूहळू काढून घ्यायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा. हे नीट जमलं तर गाणं कधी बदललं हे नाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही. फसलं तर दोन घोडे वेगवेगळ्या चालीने दौडल्यासारखा गोंधळ ऐकू येतो. हाउस संगीताचा वेग साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोके, गोव्यात रुजलेल्या सायट्रान्सचा १४०च्या पुढे, ड्रम अँड बासचा १७०च्या आसपास. संध्याकाळी कोणत्या वेगाने सुरुवात करायची, गर्दी थकली की कुठे सैल सोडायचं, पुन्हा कुठे आवळायचं, हा सगळा अंदाज समोरच्या पायांकडे बघून घ्यायचा असतो.

'नुसतं बटण दाबतात आणि हात वर करतात' हा आरोप अगदीच निराधार नाही. मुख्य मंचावर आतषबाजी, लेझर, पडद्यावरची चित्रं असं सगळं सेकंदाच्या हिशेबाने बांधलेलं असतं. तिथे ऐन वेळी मनात आलं म्हणून गाणं बदलायला वाव कमीच. डीजेची खरी परीक्षा छोट्या मंचांवर होते. तिथे आतषबाजी नसते, लोक उठून दुसरीकडे जाऊ शकतात आणि जातातही.

या संगीताचा सगळा जीव एका जागेत असतो. तिला म्हणतात ड्रॉप. गाणं रंगात आलेलं असताना अचानक खर्जाचा ठोका काढून घेतला जातो. उरतात वरचे सूर. मग एक सळसळ हळूहळू वर चढू लागते, ताशासारखे ठोके आधी एकपट, मग दुप्पट, मग चौपट होतात, पट्टी चढत जाते, आणि अगदी टोकाला क्षणभर सगळं थांबतं. त्यानंतर जो खर्ज कोसळतो तो ड्रॉप. वीस हजार माणसं एकदम उडी मारतात ती तिथे. ड्रॉप कधी येणार हे प्रत्येकाला कळतं, कारण सगळी बांधणी चाराच्या पटीत असते: सोळा मात्रा, बत्तीस मात्रा. मोजणारे मोजतात, बाकीच्यांचं शरीर मोजतं.

रत्नागिरीच्या रसिकाला हे परकं वाटू नये. दर जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. तिथे तबलजीने तिहाई घेतली की सोळा मात्रांच्या हिशेबात बसलेले श्रोते माना पुढे काढून समेची वाट बघतात, आणि सम गाठली की सगळ्यांचे हात एकदम उठतात. फरक आहेच. तबलजी तिहाई तिथल्या तिथे रचतो, डीजेचा ड्रॉप बहुधा आधी कुणीतरी स्टुडिओत घडवलेला असतो. वाट बघायला लावण्याची युक्ती मात्र दोन्हीकडे एकच.

या युक्तीचा मागोवा प्रयोगशाळेतही घेतला गेला आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सॅलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूची छायाचित्रं घेतली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आवडती जागा ऐकू येते तेव्हा मेंदूत डोपामीन स्रवतं, आणि ती जागा येणार म्हणून आपण सरसावून बसतो तेव्हाही स्रवतं. पण मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे वाट बघणं हा आनंदाचा स्वतंत्र हप्ता आहे. साठ दिवस आधी काढलेल्या तिकिटाचंही थोडं समर्थन यात सापडेल.

आता थोडं मागे जायला हवं, कारण या संगीताच्या कुळकथेत मुंबई फार आधी येते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या सुमाराला दोन यंत्रं काढली. टीआर-८०८ हे तालाचं आणि टीबी-३०३ हे खर्जाचं. ३०३ चा हेतू साधा होता: एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी. ती साथ काही कुणाला रुचली नाही, यंत्र पडलं आणि १९८४ मध्ये बंद झालं. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांच्याकडे मात्र ही दोन्ही यंत्रं होती. ३०३ मधला एक सूर दुसऱ्यावर घसरत जातो, आणि हिंदुस्थानी कान असलेल्या माणसाला त्यात मींड ऐकू येणारच. १९८२ साली त्यांनी भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग या यंत्रांवर, मिनिटाला शंभराहून अधिक ठोक्यांच्या अखंड डिस्को तालावर वाजवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी निघाली, आणि कुणी विचारलं नाही.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या 'फ्युचर' या मंडळींनी तेच ३०३ घेऊन 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर पसरला. मुंबईची तबकडी तोवर विस्मरणात गेली होती. एका डच संग्राहकाला ती सापडली, २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, आणि युरोपातल्या ऐकणाऱ्यांनी तोंडात बोट घातलं. शिकागोच्या मुलांनी चरणजित सिंगांचं ऐकलं होतं असं म्हणायला काही आधार नाही. एकाच यंत्राने दोन शहरांत सारखाच विचार सुचवला, एवढंच. सत्तरी ओलांडलेले सिंग नंतर परदेशात तरुण श्रोत्यांसमोर हे राग वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

गोव्याची वाट निराळी. हणजुणच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात येऊन राहिलेल्या हिप्पींच्या मेजवान्यांत आधी रॉक वाजे. ऐंशीच्या दशकात तिथे परदेशातून आणलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत शिरलं. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत, म्हणून इथले डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवत. कॅलिफोर्नियाहून आलेला गिल्बर्ट लेव्ही, म्हणजेच 'गोवा गिल', रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही वाजवत राहण्यासाठी प्रसिद्ध होता. २०२३ मध्ये तो गेला. नव्वदच्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे नाव इस्रायलपासून जपानपर्यंत पोचलं. पहिल्या सनबर्नला ब्रिटनचा कार्ल कॉक्स कांदोळीत आला, तेव्हा त्या किनाऱ्याला हे संगीत मुळीच नवं नव्हतं. नवं होतं ते तिकीट, कुंपण आणि प्रायोजकांचे फलक.

मग रत्नागिरीचं काय? या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवाच्या पोस्टरवरून आलं नाही. ते बेंजो पार्टीच्या टेम्पोतून आलं. मुंबईच्या चाळींत आणि कोकणातल्या वाड्यांत हळद, गणपती, शिमगा यांना बेंजो लागतोच. हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ १९१२ च्या सुमारास जपानमध्ये नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. त्याला पिकअप लावून आवाज वाढवला, सोबत कच्छी ढोल आले, आणि मग आला ऑक्टोपॅड. आठ रबरी चौकोनांचं हे यंत्र १९८५ मध्ये बाजारात आणलं ते त्याच रोलँड कंपनीने. महागड्या मंचावरच्या ८०८ चा हा चुलत भाऊ टेम्पोत उभा राहून कोळीगीतं वाजवतो, आणि त्याच्यापुढे नाचायला कुणी लाइनअप विचारत नाही. आज नमनाच्या मंडळांतसुद्धा मृदंगाशेजारी पॅड आणि कीबोर्ड दिसतात. गौरी-गणपतीत पायात चाळ बांधून फेर धरणारे जाखडीवाले, शक्ती आणि तुरा अशा दोन बाजूंनी रंगणारी त्यांची झुंज, शिमग्यात भैरीची पालखी खांद्यावर घेऊन ढोलांवर नाचवणारे गावकरी: या जिल्ह्याला ठेक्यावर उभं राहायला कुणी शिकवायला नको.

२०२५ मध्ये तर गंमतच झाली. १४ मार्चला, रंगपंचमीची वाट न पाहता, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेदरलँड्सच्या मार्टिन गॅरिक्सने होळीचा कार्यक्रम केला. शिमग्याचेच दिवस. मुंबईत राहणाऱ्या कोकणी पोरापुढे एकीकडे जगातला अव्वल डीजे आणि दुसरीकडे घरी येणारी पालखी. शिमग्यात कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बहुतेकांनी काय निवडलं असेल हे सांगायला नको.

रस्त्यावरचा हा ठेका मंचावर न्यायचा प्रयत्न गेल्या दशकात बऱ्याच जणांनी केला. 'न्यूक्लिया' या नावाने वाजवणाऱ्या उदयन सागरने मिरवणुकीतल्या बाजाचा गलका आणि परदेशी बास एकत्र केले. २०१५ चा 'बास रानी' आणि २०१६ चा 'राजा बाजा' हे त्याचे अल्बम गणपतीच्याच मोसमात आले, हा काही योगायोग नव्हे. मराठीत खरी उडी २०२४ ची. पुण्याच्या कृणाल घोरपडेने, म्हणजे 'क्रेटेक्स'ने, श्रेयस सागवेकरच्या शब्दांवर 'तांबडी चामडी' हे हाउस गाणं केलं. ते प्रकाशित केलं नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'ने. २०१३ मध्ये सतरा वर्षांच्या मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' जगभर नेणारी कंपनी तीच. या प्रकाराला क्रेटेक्स मराठी हाउस म्हणतो. गाण्याची गंमत अशी, की त्यात लावणीचा किंवा ढोलकीचा तुकडा चिकटवून 'मराठीपणा' आणलेला नाही. ठेका शुद्ध हाउसचा आहे आणि मराठीपण बोलण्याच्या लकबीत आहे. मराठी अक्षरं चार ठोक्यांत इतकी चपखल बसतात, हे आधी कुणाच्या फारसं ध्यानात आलं नव्हतं.

एवढ्या कौतुकानंतर दुसरी बाजू झाकून ठेवणं बरं नाही. २०२४ मध्ये धारगळच्या ग्रामस्थांनी महोत्सवाला विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. धारगळ हे महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं, शेतीवाडीचं गाव; मोपा विमानतळ जवळ आला म्हणून तिथे मैदान सोयीचं झालं. गावकऱ्यांचे प्रश्न साधे होते: वाहतूक, आवाज, कचरा आणि अमली पदार्थ. शेवटचा प्रश्न हवेतला नाही. २००९ च्या महोत्सवात एका तरुणीचा मृत्यू झाला होता, आणि तेव्हापासून हा विषय दर डिसेंबरात निघतो. आयोजक तपासणी कडक केल्याचं सांगतात, पोलीस बंदोबस्त वाढवतात. तरी घरून निघणाऱ्या पोराला आईवडील जो प्रश्न विचारतात तो रास्तच आहे.

आवाजाचं गणित तर आकड्यांचंच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला, तेव्हा कोकणातल्या मंडळांनाही ढोल-ताशांकडे वळावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी घालून दिलेली वरची मर्यादा सरासरी १०० डेसिबल आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते हे लक्षात घेतलं, म्हणजे ५५ आणि १०० मधलं अंतर कळेल. महोत्सवाची यंत्रणा निदान मोजून लावलेली असते. अरुंद आळीत दोन घरांच्या मधे उभी केलेली भिंत कोण मोजतो?

मोजून लावण्यातही मौज आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १०० मीटर मागे उभ्या असलेल्याला ठोका पाव सेकंदाहून थोडा उशिरा पोचतो. मिनिटाला १२८ ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी, म्हणजे मागची माणसं पुढच्यांपेक्षा अर्ध्याहून जास्त ठोका मागे. म्हणून वरून घेतलेल्या चित्रणात गर्दी एकदम उडत नाही. उडी मंचाकडून मागे लाटेसारखी सरकताना दिसते. मैदानात मधेमधे उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांना मुद्दाम तेवढाच उशीर लावतात, नाहीतर मागच्याला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

पहिल्यांदा जाणाऱ्या रत्नागिरीकरासाठी जाणकार सांगतात ते असं. कानात घालायचे बोळे न्यावेत. आवाज कमी होतो आणि ऐकू मात्र स्वच्छ येतं. उभं राहावं ते मैदानाच्या मध्यावर, ध्वनितंत्रज्ञाच्या चौथऱ्याच्या पुढेमागे, कारण सगळा आवाज तिथे बसलेल्या माणसाच्या कानाने जुळवलेला असतो. पाणी पीत राहावं. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी, कारण कार्यक्रम दहाला संपला तरी मैदानाबाहेर पडायला वेळ लागतो. आणि दुपारी तीन-चारलाच आत शिरावं. पोस्टरच्या तळाशी बारीक टाइपात छापलेले पुण्या-मुंबईचे, गोव्याचे डीजे तेव्हा वाजवत असतात. गर्दी नसते, मंचाच्या अगदी पुढे जाता येतं, आणि दोन गाणी एकमेकांत मिसळताना त्यांची बोटं काय करतात ते उघड्या डोळ्यांनी बघता येतं.